मनोऱ्याच्या पायथ्याशी

वैशाखातील शिवजयंतीनंतर बेळगाव शहरात चित्ररथांची मिरवणूक निघते, तेव्हा खडेबाजार आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या रात्रभर झोपत नाहीत. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, गच्च्यांवर, कठड्यांना रेलून माणसे बसलेली असतात. कडेवरचे मूल पेंगत असते आणि तरीही आई घरी जावयास निघत नाही, कारण पुढच्या मंडळाचे लेझीम अजून यावयाचे असते. झांजांचा ठेका दुरून कानी येऊ लागला की पेंगणारे मूलही डोळे उघडते. चित्ररथापुढे लेझीम येते, दांडपट्टा येतो, आणि एखाद्या चौकात मिरवणूक थबकली की आठ-दहा तरुण खांद्याला खांदा लावून कडे करतात; त्यांच्या खांद्यांवर दुसरे चढतात, आणि सर्वांच्या वर दहा-बारा वर्षांचे एक पोर झेंडा घेऊन उभे राहते. टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या गर्दीत एकच बाई अशी असते की जिचे हात टाळीसाठी उठत नाहीत. ती त्या पोराची आई असते. ते खाली उतरून जमिनीला पाय लावीपर्यंत ती श्वास रोखून असते.

त्या रोखलेल्या श्वासाची जबाबदारी कोणावर, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

अलीकडे पेठांतील तरुण मंडळांच्या मनात एक चांगली कल्पना घोळू लागलेली दिसते. उत्सवाच्या आधी पंधरा दिवस गडबड करावी आणि उत्सव संपताच लेझिमा पोत्यात भराव्यात, याऐवजी बारमाही पथक का असू नये? मुलामुलींना लेझीम, झांज, समूहनृत्य, मनोरे हे सारे रीतसर शिकवावे. संध्याकाळी मोबाईलच्या पडद्यासमोर वाकलेल्या माना थोड्या ताठ व्हाव्यात. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून गणेशोत्सवापर्यंत सर्वत्र त्या पथकाने आपली कला दाखवावी. कल्पना उत्तम आहे. तिला वारसाही मोठा आहे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्याकडील व्यायामप्रकारांचे प्रात्यक्षिक युरोपच्या प्रेक्षकांपुढे करून दाखविले होते. ज्याला आपण गल्लीतला खेळ म्हणतो, त्याला शिस्तीची जोड मिळाली की तो किती दूर जाऊ शकतो, याचे हे एक उदाहरण होय.

परंतु असे पथक काढावयाचे म्हटले की मंडळाच्या बैठकीत पहिली चर्चा होते ती पोशाखाच्या रंगाची. दुसरी होते ध्वनिक्षेपकाच्या भाड्याची. तिसरी, वर्गणीची. आणि बैठक उठावयाच्या वेळी दाराशी उभी असलेली एखादी माऊली विचारते, "पोरास्नी वर चढवताय ते बरं हाय की ओ, पण पडलं तर बघणार कोण?" यावर बैठकीतून बहुधा एकच उत्तर येते, "काय होत नाही ओ मावशी, देव हाय की!" देव आहेच. पण देवाच्या नावावर दवाखान्याचे बिल फाडता येत नाही, हे त्या मावशीला बैठकीतल्या सर्वांपेक्षा अधिक ठाऊक असते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. निपाणी ओलांडून कोल्हापूरकडे निघाले की दहीहंडीचा मुलूख लागतो. कोल्हापुरातील मोठ्या दहीहंड्यांत गडहिंग्लज, शिरोळ, तासगाव या बाजूची पथके ईर्षेने उतरतात. मुंबई आणि ठाणे ही तर या खेळाची राजधानीच. तेथील पथकांचा सराव गुरुपौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो आणि गोकुळाष्टमीपर्यंत रोज रात्री चालतो. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर रचले. त्या मनोऱ्याची उंची ४३.७९ फूट भरली आणि तिची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. २०२५ साली ठाण्यातच दहा थरांची मजल गाठली गेली. सर्वांत वरच्या, एकावर एक उभ्या राहणाऱ्या गड्यांना पथकातले लोक 'एक्के' म्हणतात. एक्क्यांच्या जागी हलके शरीर लागते, आणि हलके शरीर म्हणजे लहान मूल, हा हिशेब पथकांनी पिढ्यान् पिढ्या केला. या एका हिशेबातून पुढचे सारे खटले उभे राहिले.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना मनोऱ्यात घेऊ नये आणि मनोऱ्याची उंची २० फुटांपेक्षा अधिक असू नये, असा आदेश दिला. मग सर्वोच्च न्यायालय, स्थगिती, पुन्हा सुनावणी असे फेरे झाले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच दोन मर्यादा कायम राखल्या. पुढे प्रकरण परत उच्च न्यायालयाकडे आले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने उंचीचे बंधन उठविले. असे निर्बंध घालणे हे विधिमंडळाचे काम आहे, असे त्याचे म्हणणे पडले. मात्र चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, ही राज्य शासनाने दिलेली हमी न्यायालयाने नोंदवून घेतली. २०२२ साली महाराष्ट्र शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा विधानसभेत केली, आणि मनोरा रचताना गोविंदा दगावल्यास कुटुंबास १० लाख रुपये, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख, एक अवयव गमावल्यास पाच लाख, असे साहाय्य ठरविले. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, ५० हजार गोविंदांचा विमा शासनाने आपल्या खर्चाने उतरविला. माणशी हप्ता होता ७५ रुपये. एकूण रक्कम साडेसदतीस लाख. ७५ रुपयांत हल्ली पाहुण्यासाठी बरा हारही मिळत नाही, हे हार घालण्याची हौस असलेल्या प्रत्येक मंडळाने ध्यानात घ्यावे.

येथे खडेबाजारच्या मंडळाने एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हे जे विमासंरक्षण आहे ते महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाचे आहे. सीमेच्या अलीकडील पथकाला त्यावर विसंबता येत नाही. भाषा एक, सण एक, मनोरा रचण्याची रीत एक. परंतु दूधगंगेच्या अलीकडे मुलगा पडला तर त्याच्यासाठी ते कागद उपयोगी नाहीत. कोल्हापूरच्या पथकाला शासन जे देते ते बेळगावच्या पथकाने स्वतःच्या वर्गणीतून करावयाचे आहे. त्यात कोणी कटुता मानू नये. उलट जे स्वतः विकत घेतले जाते त्याची कलमे माणूस नीट वाचतो.

आणि कलमे वाचणे हेच या कामातले अर्धे काम होय. 'विमा काढला आहे' या तीन शब्दांत फार मोठी फसगत लपलेली असू शकते. साध्या वैयक्तिक अपघात विम्याचा पैसा मुख्यतः मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तरच मिळतो. मनोऱ्यावरून पडणाऱ्या मुलाचे बहुधा काय होते? मनगट मोडते, गळ्याजवळचे हाड मोडते, गुडघा पिरगळतो. सुदैवाने ही मुले दोन-तीन महिन्यांत बरी होतात. म्हणून अपंगत्वाचा प्रश्न येत नाही, आणि म्हणून विम्याचा पैसाही येत नाही. शस्त्रक्रिया, सळई, क्ष-किरण चित्रे, औषधे हा खर्च त्या मुलाच्या वडिलांनीच सोसावयाचा. तो टाळावयाचा असेल तर अपघाती उपचारखर्चाचे कलम त्या विमापत्रात वेगळे घालून घ्यावे लागते.

दुसरा प्रश्न तारखांचा. विमा उत्सवाच्या दिवसापुरता आहे की सरावाच्या दिवसांचाही आहे? मिरवणुकीचा दिवस एक, सरावाचे दिवस चाळीस. नवखा गडी सरावातच शिकतो आणि म्हणून सरावातच पडतो. तिसरा प्रश्न वगळणुकीच्या कलमांचा. अनेक विमापत्रांत साहसी व धोक्याचे खेळ वगळलेले असतात. 'सांस्कृतिक नृत्य' असे लिहून विमा घेतला आणि प्रत्यक्षात चार थर लावले, तर दाव्याच्या वेळी कंपनीचा अधिकारी छायाचित्रे पाहूनच कागद परत करील. आणि त्याला दोष देता येणार नाही. मनोरे करावयाचे असतील तर अर्जात 'मानवी मनोरे' असेच लिहावे, किती थर तेही लिहावे. हप्ता थोडा वाढेल. चौथा प्रश्न रस्त्याने जाणाऱ्याचा. मनोरा कोसळून बघ्यांपैकी एखादी म्हातारी सापडली, तर तिच्या नुकसानीसाठी सार्वजनिक दायित्वाचे वेगळे विमासंरक्षण घ्यावे लागते. गल्ली अरुंद आणि गर्दी दाट असलेल्या आपल्या पेठांत हे कलम अनावश्यक मानता येणार नाही.

काही मंडळे असे म्हणतील की आमच्या साऱ्या पोरांची बँकेत खाती आहेत आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता खात्यातून जातो, मग वेगळा विमा कशाला? ती योजना चांगली आहे. २०१५ साली सुरू झाली तेव्हा वर्षाचा हप्ता १२ रुपये होता. २०२२ पासून तो २० रुपये आहे. अपघाती मृत्यूस दोन लाख आणि अंशतः कायम अपंगत्वास एक लाख रुपये मिळतात. पण तिची वयोमर्यादा १८ ते ७० आहे. पथकातली निम्मी मुले शाळेत जाणारी. ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच तिच्या बाहेर राहतो. शिवाय उपचारांचा खर्च तिच्यात नाही. मोठ्यांनी ती अवश्य घ्यावी. पथकाने मात्र समूह अपघात विमाच घ्यावा.

समूह विमा घेण्यासाठी समूह हा खरा असावा लागतो. केवळ विमा मिळावा म्हणून जमविलेल्या माणसांना विम्याच्या नियमांत समूह धरीत नाहीत. तेव्हा मंडळाची नोंदणी हवी. कर्नाटकात १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासद मिळून संस्था नोंदविता येते. घटना लिहावी लागते, हिशेब ठेवावा लागतो, दरवर्षी यादी द्यावी लागते. हा कंटाळवाणा उद्योग आहे, हे खरे. पण ज्या मंडळाच्या कपाटात सभासदांची जन्मतारखांसह यादी आहे, त्याच मंडळाला चौदा वर्षांखालचा मुलगा कोणता हे सांगता येते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, दहीहंडीला काही दिवस उरले असताना, मुंबईच्या एका उपनगरात सरावाच्या वेळी अकरा वर्षांचा एक मुलगा मनोऱ्यावरून पडून दगावला. चौदा वर्षांची हमी न्यायालयात देऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. पथकाच्या प्रमुखावर गुन्हा नोंदविला गेला. त्या प्रमुखाच्या मनात दुष्टावा होता असे कोणी म्हणणार नाही. वर चढणारे पोर हलके आहे, एवढेच पाहिले जात होते. ते किती वर्षांचे आहे, हे विचारण्याची जागाच त्या व्यवस्थेत नव्हती.

विम्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो पैशापेक्षा मोठा आहे. त्यासाठी जपानकडे पाहावे लागेल. तेथील शाळांतून क्रीडादिनी मुलांचे मनोरे रचण्याची जुनी परंपरा आहे; आपल्याकडे पंधरा ऑगस्टला जसे मनोरे होतात तसेच, फक्त अधिक शिस्तीने आणि अधिक उंच. २०१५ च्या सप्टेंबरात ओसाकाजवळील याओ या गावी एका शाळेत मुलांचा दहा थरांचा मनोरा पालकांच्या डोळ्यांदेखत कोसळला. काही मुले जखमी झाली, एकाचा हात मोडला. असे प्रकार पूर्वीही होत होते. पण जपानमध्ये शाळेतील मुलांच्या अपघातासाठी एक सार्वत्रिक साहाय्यनिधी आहे. बोट मुरगळले तरी शाळा दावा पाठविते, आणि प्रत्येक दाव्यावर अपघात कसा, कोठे, कोणत्या खेळात झाला हे लिहिलेले असते. ते सर्व कागद एके ठिकाणी जमा होतात. नागोया विद्यापीठातील र्‍यो उचिदा या समाजशास्त्रज्ञाने ते आकडे लोकांपुढे मांडले, तेव्हा या समूहकवायतींत वर्षाला आठ हजारांहून अधिक मुले जखमी होत आहेत, हे साऱ्या देशाला कळले. २०१६ साली ओसाका शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांतील मनोरे बंद केले. अन्य ठिकाणी उंची कमी झाली, आणि जखमींची संख्या पुढे लक्षणीय घटली.

आपल्याकडे किती मुले पडतात? गल्लीतल्या हाडवैद्याला कदाचित ठाऊक असेल. विमा नसला की दावा नसतो, दावा नसला की नोंद नसते, आणि नोंद नसली की प्रत्येक पिढी तेच हाड त्याच ठिकाणी मोडून घेते.

आता प्रशिक्षकाविषयी. येथे खडेबाजारची तालीम-परंपरा आठवल्यावाचून राहत नाही. वस्तादाचा शब्द म्हणजे कायदा. वस्तादाने "उतर" म्हटले की पैलवान उतरला. या आज्ञापालनाची किंमत मोठी आहे, आणि कोणत्याही पदवीने ती मिळत नाही. परंतु वस्तादाला जे येते ते कुस्तीचे येते. नृत्य शिकविणाऱ्या बाईंनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा दिलेली असली, तरी तिसऱ्या थरावरून घसरणाऱ्या मुलीला कसे झेलावे, हे त्या परीक्षेत शिकवीत नाहीत. व्यायामशिक्षकाने शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली असेल. तरीही मनोऱ्याचे काम त्याने कोणाच्या हाताखाली केले आहे, हे विचारलेच पाहिजे. प्रशिक्षक 'पात्र' आहे असे म्हणावयाचे तर कशासाठी पात्र, हा प्रश्न आधी यावा. १९६१ साली पतियाळा येथे निघालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून जिम्नॅस्टिक्सचे प्रशिक्षक तयार होतात. पडणे आणि झेलणे हे त्यांच्या शिक्षणाचे अंगच असते. असा एक प्रशिक्षक महिन्यातून दोनदा जरी येऊन गेला, तरी वस्ताद आणि नृत्यशिक्षिका या दोघांच्या कामाला बळ येईल. आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसचे प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेला एक तरी माणूस सरावाच्या जागी रोज हजर पाहिजे. नावाला नव्हे, प्रत्यक्ष.

पात्र प्रशिक्षक काय करतो ते पाहावे. तो आधी गणित करतो. सहा मुलांचा तीन थरांचा मनोरा घ्या, खाली तीन, मध्ये दोन, वर एक; प्रत्येकाचे वजन ५० किलो धरा. मधल्या थरातील प्रत्येकावर वरच्याचा निम्मा भार, म्हणजे २५ किलो. खालच्या थरात मात्र कडेच्या दोघांवर साडेसदतीस किलो आणि मधल्यावर ७५ किलो येतात. आता चौथा थर लावा. खाली चार मुले झाली. कडेच्यांवर सुमारे ४४ किलो, पण मधल्या दोघांवर प्रत्येकी १०६ किलोंहून अधिक. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. बाहेरून पाहणाऱ्याला तिसऱ्या आणि चौथ्या थरात एका थराचाच फरक दिसतो. खाली दबलेल्या मुलाच्या मणक्याला तो फरक वेगळा दिसतो, आणि तो बोलू शकत नाही, कारण तोंड उघडले तर श्वास सुटतो. गंमत अशी की सारी मंडळी वरच्या पोराची काळजी करतात. पहिली इजा पुष्कळदा खालच्याला होते.

वरच्याचे गणितही सोपे आहे. २० फुटांवरून निसटलेले शरीर सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येते, आणि येताना त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या घरात असतो. कोणी "अरे, धरा!" म्हणेपर्यंत सारे संपलेले असते. म्हणून झेलणारे आधीच हात वर करून उभे असावे लागतात.

स्पेनमधील कातालोनिया प्रांतात मानवी मनोऱ्यांची परंपरा दोन शतकांहून जुनी आहे; २०१० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तेथील मनोऱ्याच्या पायथ्याशी शेकडो माणसांचा घट्ट गराडा असतो. भार पेलणे आणि कोसळणाऱ्यांना अंगावर घेणे, अशी दोन्ही कामे तो गराडा करतो. आपल्या गोविंदांचा गराडाही हेच करतो. फक्त आपल्याकडे पाण्याचे फवारे सुरू झाले की तो पांगतो. कातालोनियातील पथकांचा जो मध्यवर्ती संघ १९८९ साली स्थापन झाला, त्याच्या मुख्य कामांपैकी एक काम सर्व पथकांचा सामाईक विमा हे आहे. २००६ साली मनोऱ्यावरून पडून एक बालिका दगावली. तिच्यानंतर तेथे वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण आले. परंपरा बुडाली नाही. शिरस्त्राण घातलेले मूल वर जाऊन हात उंचावते आणि खालचा जमाव पूर्वीइतकाच हर्षभरित होतो.

अमेरिकेतील 'चिअरलीडिंग' हा याच घराण्यातला खेळ. आपल्याकडे २००८ पासून क्रिकेटच्या सीमारेषेवर नाचणाऱ्या मुलींमुळे त्याचे नाव माहीत झाले आणि थोडे बदनामही झाले. वस्तुतः १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात त्याचा आरंभ केला तो पुरुष विद्यार्थ्यांनी. आज तो खडतर कवायतीचा खेळ आहे. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. २०१२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविषयी शिफारशी केल्या: याला खेळ म्हणूनच मान्यता द्यावी, म्हणजे शिक्षित प्रशिक्षक आणि वैद्यकीय साहाय्य आपोआप येईल, मनोरा दोन माणसांच्या उंचीपलीकडे नेऊ नये, आणि तो कठीण जमिनीवर रचू नये. दोन माणसांची उंची! आपल्या डांबरी चौकात सहा थर लावून खाली गुलाल उधळणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. पण ज्यांनी लिहिले त्यांनी मोडलेल्या माना पाहिल्या होत्या.

खडेबाजारच्या पथकाने याचा अर्थ असा घ्यावा की पहिले वर्षभर मनोऱ्याचे नावच काढू नये. लेझीम आहे, झांज आहे, समूहनृत्य आहे; ते पुष्कळ आहे. लेझमीच्या दहा-बारा हातांत मांड्या, खांदे, श्वास आणि मुख्य म्हणजे एका तालावर थांबण्याची सवय तयार होते. ज्या मुलाला तालावर थांबता येत नाही त्याला मनोऱ्यात कोठेच जागा नाही. सरदार हायस्कूलच्या किंवा व्हॅक्सिन डेपोच्या मैदानासारखी मऊ मातीची जागा मिळाली तर उत्तम. निदान फरशीवर आणि डांबरावर सराव नको. दुसऱ्या वर्षी गाद्या घालून दोन थर. तिसरा थर केव्हा, हे प्रशिक्षकाने ठरवावे, देणगीदाराने नव्हे. यावर कोणी म्हणेल की एवढे सोवळे पाळल्यावर पथकात येणार कोण? येतील. मुंबईत मुलींची गोविंदा पथके उभी राहिली ती काही सोवळे सोडून नव्हे. घरच्यांना विश्वास वाटला म्हणून.

मुलींचा उल्लेख झाला म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या खेळात प्रशिक्षकाचा हात मुलामुलींच्या अंगाला लागतो. आधार देताना, झेलताना तो लागणारच. म्हणून सरावाच्या वेळी एक स्त्री प्रशिक्षक किंवा पालकांपैकी कोणी बाई नेहमी उपस्थित असावी, बंद खोलीत सराव नसावा, आणि नेमणुकीपूर्वी प्रशिक्षकाची पूर्वीच्या ठिकाणी चौकशी करावी. काही वावगे घडल्याचे कळले तर बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मंडळाच्या अब्रूसाठी ते मिटविणे हा स्वतंत्र गुन्हा होतो. ही गोष्ट बैठकीत बोलावयास संकोच वाटतो. संकोच वाटला तरी ती इतिवृत्तात लिहून ठेवावी.

अपघात झालाच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करावयाचे, याचाही सराव व्हावा. आपल्याकडे पडलेल्याला प्रेमाने चौघे हातापायांना धरून उचलतात आणि रिक्षात घालतात. मानेला इजा असेल तर याच प्रेमाने तो जन्माचा पांगळा होऊ शकतो. त्याला जेथे आहे तेथेच निजू द्यावे, डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि गर्दी हटवावी. ढोल थांबवावा, हे वेगळे सांगावयास नको असे वाटते. पण अनुभव असा की ढोल शेवटी थांबतो.

या सगळ्याचा खर्च किती? साठ मुलांचे पथक धरले आणि महाराष्ट्रातील २०२३ चा ७५ रुपयांचाच दर लावला तर हप्ता साडेचार हजार होईल. पन्नास हजार माणसांच्या विम्याचा दर साठ माणसांना मिळणार नाही, उपचारखर्चाचे कलम घातले की रक्कम आणखी वाढेल. ती दुप्पट-चौपट धरा. तरीही मिरवणुकीच्या एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकाच्या भाड्याशी तिची तुलना करावी. एक भिंत कमी लावली तर वर्षाचा विमा निघतो, आणि खडेबाजारच्या जुन्या घरांच्या काचाही शाबूत राहतात.

सरावाच्या जागी एक वही असावी. साधी, रेघा मारलेली. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात जन्मतारीख दाखल्यावरून, तिसऱ्यात आईची किंवा वडिलांची सही, चौथ्यात रक्तगट, पाचव्यात विमापत्राच्या यादीतील अनुक्रमांक. रोज संध्याकाळी दिवा लागला की वस्तादाने ती वही उघडून हजेरी घ्यावी. ज्याचे सारे रकाने भरलेले असतील तो मनोऱ्याच्या बाजूस उभा राहील. ज्याचा एखादा रकाना कोरा असेल त्याने लेझीम उचलावी आणि रांगेत जावे, मग तो पथकातला सर्वांत हलका पोरगा का असेना, आणि शिवजयंती उद्यावर का आलेली असेना.